बाज आणि शेत यांच्या मधलं काही

स्तनाचा कॅन्सर हाडांत, फुफ्फुसांत किंवा यकृतात उतरला, म्हणजे चौथ्या टप्प्यात गेला, की घरातून पहिला हुकूम निघतो तो पडून राहण्याचा. परभणी जिल्ह्यात हा हुकूम जास्तच मायेने निघतो, कारण इथल्या कितीतरी बायकांचा जन्म खुरपणीत, कापूस वेचण्यात आणि सोयाबीनच्या काढणीत गेलेला असतो. जिचं अंग इतकी वर्षं राबलं, तिला आता तरी बाजेवर निवांत पडू द्यावं, असं लेकी-सुनांना वाटणं साहजिक आहे. पण हा आराम तिला मानवत नाही. आणि प्रश्न दोन-चार घरांपुरता नाही. 2022 साली भारतात स्तनाच्या कॅन्सरचे सुमारे 1 लाख 92 हजार नवे रुग्ण असल्याचा अंदाज होता. आपल्याकडे निम्म्याहून अधिक बायका तिसऱ्या-चौथ्या टप्प्यात दवाखान्यात पोचतात. चौथा टप्पा म्हणजे आठ-पंधरा दिवसांचा पाहुणा, हाही एक गैरसमजच. हार्मोनच्या गोळ्यांवर किंवा इतर उपचारांवर अनेक जणी काही वर्षं जगतात. ती वर्षं कशी जातात, याला म्हणूनच महत्त्व आहे.

कॅन्सरचा थकवा हा दिवसभर राबून आलेल्या थकव्यासारखा नसतो. तो रात्रभर झोपूनही उतरत नाही. आजार, औषधं, कमी झालेलं रक्त आणि मनावरचा ताण या सगळ्यांनी तो येतो, आणि पडून राहिल्याने त्यात भर पडते. वापर थांबला की स्नायू झपाट्याने झिजतात. मग मोरीपर्यंत जायलाही धाप लागते, धाप लागते म्हणून हालचाल आणखी कमी होते, आणि घरचे म्हणतात, बघा, आजार वाढला. त्यातला काही भाग आजाराचा नसून बाजेचा असतो. 2024 मध्ये 'नेचर मेडिसिन' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने व्यायामाने हा थकवा कमी होतो का, हे तपासलं. युरोपातले पाच देश आणि ऑस्ट्रेलिया इथल्या, कॅन्सर शरीरात पसरलेल्या 357 रुग्णांपैकी चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडलेल्या एका गटाला नऊ महिने प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा व्यायाम दिला. त्यात चालणं-सायकल अशा दमाच्या व्यायामांबरोबर ताकदीचे आणि तोल सांभाळण्याचेही व्यायाम होते. या गटाचा थकवा कमी झाला आणि जीवनमान सुधारलं. वेदना आणि धाप यांतही फरक दिसला.

यावर दोन आक्षेप घेता येतात आणि दोन्ही रास्त आहेत. पहिला, फरक लहान होता. शंभराच्या मापावर सहा महिन्यांनी व्यायाम दिलेल्या आणि न दिलेल्या गटांत सरासरी पाच गुणांच्या आसपासच अंतर पडलं. हे कबूल करायलाच हवं. मात्र पसरलेल्या कॅन्सरमध्ये थकव्यावर हमखास लागू पडणारी गोळी आजही नाही, आणि बाकीचे उपचार चालू असताना वर मिळालेले हे पाच गुण आहेत. कुणाच्या मदतीशिवाय उठून आंघोळ करता येते की नाही, हे अशाच थोडक्या फरकावर ठरतं. दुसरा आक्षेप असा, की नेदरलँड्समधल्या युट्रेख्टच्या बाईला प्रशिक्षक आणि व्यायामशाळा मिळते, सोनपेठच्या बाईला काय? तोच कार्यक्रम इथे तितकाच गुण देईल असा दावा कुणी करू नये. पण स्नायूला थोडा थोडा ताण दिला की तो टिकतो, हा शरीराचा नियम गाव पाहून बदलत नाही.

हाडांत आजार असेल तर हाड मोडेल, ही भीती मात्र पोकळ नाही. मणका, खुबा आणि मांडीचं हाड पोखरलं गेलं असेल तर चुकीच्या भाराने ते खरंच मोडू शकतं. म्हणूनच वरच्या अभ्यासात हाडांची अवस्था अस्थिर असलेल्यांना घेतलं नव्हतं. ज्यांना घेतलं, त्यांच्यातल्या अनेकींच्या हाडांत आजार होताच. एकूण दोन अस्थिभंग झाले, पण दोन्हींचा संबंध हाडांतल्या कॅन्सरशी नव्हता. थोडक्यात, हाडांत गाठ असणं म्हणजे सरसकट बंदी नव्हे. कुठलं हाड आणि किती कमजोर, यावर सगळं अवलंबून आहे. शस्त्रक्रियेच्या बाजूचा हात सुजेल म्हणून तो जपून ठेवण्याची रीतही अशीच अर्धवट खरी आहे. हात सुजलेल्या 141 बायकांना हळूहळू वाढत्या वजनाचा व्यायाम देणारा अमेरिकेतला अभ्यास 2009 साली प्रसिद्ध झाला. त्यात सूज वाढली नाही, उलट ती उफाळण्याचे प्रसंग कमी झाले.

आता उलट्या टोकाचा समज: रानात जाते, तोच तिचा व्यायाम. नाही. खुरपताना कंबर तासन्‌तास वाकलेली राहते, डोक्यावरच्या भाऱ्याचा भार थेट मणक्यावर येतो, आणि दमल्यावर थांबायचं की नाही हे पात पुरी होण्यावर ठरतं. व्यायामात मात्र मात्रा आपल्या हातात असते. भिंतीला टेकलेल्या खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला तळवे लावून ढकलणं, चौकट धरून एका पायावर काही क्षण उभं राहणं, अर्ध्या-एक लिटरची पाण्याची बाटली उचलणं, आणि बोलता येईल इतक्या वेगाने चालणं, एवढ्यावर सुरुवात होते. परभणीचा उन्हाळा चव्वेचाळीस अंशांच्या घरात जातो, तेव्हा चालणं सूर्य वर येण्याआधी. केमोनंतरच्या पडत्या दिवसांत अंगणातल्या दोन फेऱ्याही पुरेत. ताप असेल, रक्त फार कमी झालं असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर त्या दिवशी काहीच नको.

एक भाबडी आशाही वेळीच बाजूला ठेवलेली बरी. व्यायामाने किंवा योगाने पसरलेला कॅन्सर बरा होत नाही, आणि असं सांगून गोळ्या बंद करायला लावणारा माणूस धोकादायक आहे. त्या 357 रुग्णांच्या अभ्यासात मुख्यतः मोजला गेला तो थकवा आणि जीवनमान. केमोसाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा बार्शीच्या रुग्णालयात जाणं होतंच, तेव्हा डॉक्टरांना दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्याव्यात: कोणत्या हाडांवर भार द्यायचा नाही, आणि किती वजन उचललेलं चालेल. मग फिजिओथेरपिस्टकडून व्यायाम एकदा करून दाखवून घ्यावेत, सोबत आलेल्या माणसालाही ते बघू द्यावेत. रात्री एखादं हाड नव्यानेच ठणकू लागलं तर डॉक्टरांना लवकर कळवावं. पाय अचानक लुळे पडू लागले किंवा लघवीवरचा ताबा गेला, तर मणक्यातल्या मज्जारज्जूवर दाब आलेला असू शकतो. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.