वडीलधाऱ्यांचा भाजीमळा आणि सर्पभय

वसई तालुक्यातील सातिवली हे गाव तुंगारेश्वराच्या डोंगरांच्या पायथ्याजवळ वसलेले आहे. एका अंगास कारखान्यांची वसाहत आणि दुसऱ्या अंगास रान, अशी त्याची आजची स्थिती आहे. अशा ठिकाणी तरुण मंडळी कामधंद्यासाठी दिवसभर बाहेर असतात आणि घरामागील गुंठा-दोन गुंठ्यांचा भाजीमळा वृद्ध आई-बाप सांभाळतात. त्यायोगे घरास ताजी भाजी मिळते, चार पैसे हाती येतात व वडीलधाऱ्यांचा दिवस सत्कारणी लागतो. तथापि, रानालगतच्या मळ्यात सर्पदंशाचे भय असते. वयोमानाने दृष्टी मंदावलेली, कानास कमी ऐकू येणारे आणि पाऊल चटकन मागे न घेता येणारे माणूस ह्या संकटात अधिक सापडते. मुले म्हणतात, “आता मळा पुरे झाला.” आई-बाप म्हणतात, “जन्मभर अनवाणी वावरलो, आम्हांस काय होणार?” मळा न सोडता तो निर्धोक करणे, हाच ह्यातील शहाणपणाचा मार्ग होय.

साप मळ्यात का येतो?

माघ-फाल्गुनापासून कोकणातील माळ व डोंगरउतार सुकून जातात. वाळवंटातील हिरवळीप्रमाणे मग भाजीचा वाफा हीच काय ती ओलाव्याची व सावलीची जागा उरते. तेथे बेडूक व उंदीर जमतात आणि त्यांच्या मागोमाग साप येतो. पावसाळ्यात बिळांत पाणी शिरते व गवत माजते. तेव्हा धोका आणखी वाढतो. २००० ते २०१९ ह्या काळात भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाचा अंदाज आहे. त्यांपैकी जवळजवळ निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर ह्या महिन्यांतील होते.

नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप प्रत्येकाने ओळखावेत. नाग उंदरांच्या बिळांत राहतो. घोणस जाडजूड असून तिच्या अंगावर साखळीसारखे ठिपके असतात. ती गवतात निश्चल पडून राहते आणि तिच्यावर पाय पडला की चावते. पुष्कळदा तिला अजगराचे पिल्लू समजण्याची घातक चूक होते. फुरसे लहान असते व दगडाखाली दडते. मण्यार रात्री हिंडते व जमिनीवर निजलेल्या माणसास दंश करते.

मळ्याची मांडणी

पहिली गोष्ट पाण्याची. संध्याकाळी पाणी दिल्यास वाफे रात्रभर ओले राहतात आणि बेडूक बाहेर पडतात. म्हणून चांगले उजाडल्यावर, सकाळी पाणी द्यावे. पंप रात्रीच चालवावा लागत असेल, तर ते काम मुलाने स्वतःकडे घ्यावे. म्हाताऱ्या बापास अंधारात पाठवू नये.

घरापासून विहिरीपर्यंत निदान तीन फूट रुंदीची वाट गवत काढून स्वच्छ ठेवावी. दुधी, पडवळ, घोसाळी व काकडी ह्यांचे वेल जमिनीवर न पसरवता मांडवावर चढवावेत. फळे उभ्याने तोडता येतात, म्हाताऱ्या कमरेस वाकण्याचा त्रास पडत नाही आणि पानांच्या गर्दीत हात घालावा लागत नाही. अळू व रताळी ह्यांसारखी जमीन झाकणारी पिके घरापासून दूरच्या टोकास लावावीत. पालापाचोळ्याचे आच्छादन पाण्याची बचत करते. पण ते पातळ असावे व काठीने उचलून पाहिल्यावाचून त्यात हात घालू नये.

लाकूडफाटा, दगडविटांचा ढीग व पेंढ्याची उडवी मळ्याच्या बांधाशी किंवा घराच्या भिंतीशी रचू नये. लाकूडफाटा जमिनीपासून हातभर उंच माचीवर ठेवावा. पाखरांसाठी लावलेली जाळी वापर नसताना गुंडाळून वर टांगावी. जमिनीवर पडलेल्या जाळीत साप गुरफटतो आणि ती उचलणाऱ्यास दंश करतो. गवत कापणे, ढीग हलविणे व बिळे बुजविणे ही कामे मुलांनी सुटीच्या दिवशी भर उजेडात करावीत.

आई-बापांसाठी गुडघ्यापर्यंत पोचणारे गमबूट, लांब दांड्याचे खुरपे, काठी व चांगली बॅटरी एवढे साहित्य आणून द्यावे. गमबूट घालण्यापूर्वी उलटे करून झटकावेत. रात्री खाटेवर निजावे व मच्छरदाणी अंथरुणाखाली नीट खोचावी.

बिबट्याविषयी

तुंगारेश्वर २००३ पासून अभयारण्य आहे. २००९ साली माळशेज घाटात सोडलेला ‘आजोबा’ नावाचा बिबट्या वसईच्या औद्योगिक भागातून वाट काढीत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानाकडे गेला. बिबट्या वस्तीजवळून गेला म्हणजे हल्ला करतोच, असे नाही. मात्र दिवेलागणीस एकट्याने वाकून अथवा उकिडवे बसून खुरपणी करू नये. कुत्री व कोंबड्या रात्री बंद जागेत ठेवाव्यात. बिबट्या दिसल्यास पळू नये वा त्याला घेरू नये. वन विभागास १९२६ ह्या क्रमांकावर कळवावे.

दंश झाल्यास

दंश झालेल्या माणसास धीर देऊन निजवावे. अंगठी, बांगड्या, जोडवी काढावीत. मोडलेल्या हाडास बांधतात तशी फळी लावून अवयव स्थिर करावा. दोरीने आवळणे, चिरणे, विष चोखणे, झाडपाला लावणे, मांत्रिकाकडे नेणे हे सर्व वर्ज्य आहे. साप मारण्यात वेळ दवडू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. उपलब्ध लस वरील चारही सापांच्या विषावर चालते. मण्यारीच्या दंशाच्या जागी वेदना फारशा होत नाहीत. म्हणून दुखत नाही हे पाहून घरी थांबू नये. पापण्या जड होणे हे धोक्याचे लक्षण होय.

लाल विंचवाच्या दंशानंतर दरदरून घाम, उलट्या व हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसल्यास तत्काळ दवाखाना गाठावा. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी ह्या दंशावर प्राझोसिन ह्या औषधाचा गुण दाखवून दिला. त्यामुळे पुष्कळांचे प्राण वाचले आहेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सर्पदंशाची लस जवळच्या कोणत्या रुग्णालयात असते, ह्याची चौकशी पावसाळ्यापूर्वीच करावी आणि त्या रुग्णालयाचे नाव व दूरध्वनी क्रमांक प्रत्येक मळेकऱ्याच्या घरात ठळक अक्षरांत लावून द्यावा. शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत सर्पदंश व विंचूदंश ह्यांचा समावेश आहे. परंतु लाभार्थ्याचे वय १० ते ७५ वर्षे असावे लागते. पंचाहत्तरी ओलांडलेल्या आई-बापांस हे साहाय्य मिळत नाही, हे ध्यानी ठेवावे.

अनुदान हे दुःखानंतरचे साहाय्य आहे. स्वच्छ वाट, उंच मांडव, सकाळचे पाणी आणि पायांत गमबूट हे दुःखापूर्वीचे साहाय्य होय. त्यास खर्च थोडा व कष्ट एका रविवारचे. ते मुलांनी उचलावेत, म्हणजे आई-बापांचा मळा हिरवा राहील आणि मुलेही कामावर निश्चिंत मनाने जातील.