माडाचें कलम कां होत नाहीं?

उचगांवच्या शिवारांत ऊस लावावयाचा असला म्हणजे कोणी बीं शोधीत नाहीं; कांड्या तोडून सरींत दाबल्या कीं डोळे फुटतात. केळीच्या बुडचा मुनवा काढून लावला कीं दुसरी केळ उभी राहते. आंब्याचीं तर कलमेंच बांधतात. या सर्व रीतींत नवें झाड जुन्याचेंच प्रतिरूप असतें. परंतु माडाचें कलम बांधलेलें कोणीं पाहिलें आहे काय?

याचें कारण माडाच्या ठेवणींत आहे. त्यास फांद्या नसतात, आणि बुडाशीं फुटवेही येत नाहींत. त्याची सारी वाढ शेंड्यांतील एकाच कोंबापासून होते. तो कापला कीं झाड मेलें. म्हणून माड नारळापासूनच वाढवावा लागतो, आणि भरघोस फळ देणाऱ्या माडाचें रोप तसेंच निघेल असा भरंवसा देतां येत नाहीं.

ही अडचण दूर करण्यास शास्त्रज्ञ ऊतिसंवर्धनाचा, म्हणजे टिश्यू कल्चरचा, उपाय योजतात. वनस्पतीच्या जिवंत पेशींत संपूर्ण झाड घडविण्याची शक्ति सुप्त असते, हा विचार हाबरलांट यांनीं १९०२ सालीं मांडला. त्यास अनुसरून कोवळ्या भागाचा बारीक तुकडा निर्जंतुक करून कांचेच्या नळींत ठेवतात. तेथें त्यास साखर, क्षार व वाढीस चालना देणारीं द्रव्यें मिळतात. पुढें त्यास कोंब व मुळें फुटतात, आणि शेवटीं रोपास सावलींत ठेवून बाहेरच्या हवेची हळूहळू संवय लावतात. जळगांव जिल्ह्यांत केळीचीं अशीं रोपें शेतकरी सर्रास लावतात. माडाच्या कुळांतील खजुरासही ही रीत मानवली. नारळानें मात्र शास्त्रज्ञांस फार झुलविलें. तेलमाडाच्या अशा रोपांपैकीं कांहींना मोठेपणीं विकृत फुलें आल्याचें १९८६ सालीं प्रसिद्ध झालें. त्याचें मूळ उमगण्यास २०१५ साल उजाडावें लागलें.

नारळाचीं झाडें विपुल आहेत, तेव्हां तेथें विलंब परवडतो. परंतु ज्या जातीचें एकच झाड उरलें, तिचें काय? कोंकणांतून गेलेल्या मराठी मजुरांचे वंशज ज्या मॉरिशस बेटांत राहतात, तेथील क्यूरपीपच्या वनस्पति-उद्यानांत हायोफॉर्बे अमारिकॉलिस या जातीचें एकुलतें एक झाड उरल्याची नोंद आहे. त्याचीं नर व मादी फुलें निरनिराळ्या वेळीं उमलतात, म्हणून बीं धरणें दुर्घट. त्याच्या फळांतील गर्भ काढून यूरोपांतील प्रयोगशाळेंत नळींत वाढविण्यांत आले. रोपें निघालीं, परंतु मातींत लावतांच तीं जगलीं नाहींत.

यावरून एक गोष्ट ध्यानांत येईल. नळींतील रोपें साधलीं, तरी तीं सारीं एकाच झाडाचीं प्रतिरूपें. जो रोग एकास मारील तो सर्वांस मारील. बियांपासून उगवलेल्या झाडांत जी विविधता असते, ती कांचेच्या नळींत निर्माण होत नाहीं. म्हणून प्रयोगशाळा हा अखेरचा आधार समजावा. आपल्या सह्याद्रींतील भेरली माड व माळावरील शिंदी आज पुष्कळ दिसतात. त्यांचें रक्षण करण्याची खरी वेळ तीं पुष्कळ आहेत तोंवरच आहे.