आवारातील घाणेरीचे निर्मूलन

शाळा वा ग्रामपंचायतीच्या आवारात माजणारी घाणेरी, अर्थात टणटणी, मूळची उष्णकटिबंधीय अमेरिकेतील. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झुडूप म्हणून ती भारतात आणली गेली व पुढे देशभर पसरली. तिच्या दाट जाळीखाली गवत वाढत नाही; पाने गुरांच्या पोटात गेल्यास यकृताला अपाय होतो.

केवळ कोयत्याने छाटल्यास झुडूप पुन्हा जोमाने फुटते, कारण फुटवा खोड व मूळ यांच्या सांध्यातून येतो. याकरिता पावसाने जमीन मऊ झाल्यावर, फळे पिकण्यापूर्वी, प्रथम फांद्या तोडाव्यात. नंतर कुदळीने बुंध्याभोवतीची माती मोकळी करून मुख्य मूळ जमिनीखाली चार बोटे तोडावे. उपटलेला खुंट मुळे वर करून ठेवावा, म्हणजे तो पुन्हा रुजत नाही. खोड काटेरी असल्याने हातांना जाड कापड गुंडाळावे.

पक्षी फळे खातात व त्यांच्या विष्ठेतून बी पसरते. म्हणून झाडांखाली उगवणारी रोपे पुढील दोन-तीन पावसाळे उपटत राहावे आणि मोकळ्या जागेत स्थानिक गवत लावावे. एका दिवसाच्या श्रमदानानंतर ही देखरेख कोणी करावयाची, हे ग्रामपंचायत व शाळेने आधीच ठरविणे अगत्याचे आहे.