रोमन अक्षरे आणि नागरी अक्षरे : ‘सातारा’ व ‘सांगली’ या नावांच्या निमित्ताने

इंग्रजी शब्दसंग्रहाच्या अभ्यासात शब्दांची एक वर्गवारी केवळ लेखनावरून करण्यात येते. शब्दातील अक्षरांची संख्या निश्चित धरावयाची, त्यांपैकी काही अक्षरे ठरवून द्यावयाची आणि या मर्यादेत बसणारे शब्द कोशातून वेचावयाचे, अशी ही रीत होय. शब्दकोड्यांत ती करमणुकीसाठी वापरली जाते. शब्दसूची तयार करणाऱ्यांस तिचा व्यावहारिक उपयोगही होतो. २६ सुट्या अक्षरांच्या लिपीत ही गणना यांत्रिकपणे करता येते आणि कोणीही केली तरी उत्तर एकच येते. मराठी शब्दांस हीच कसोटी लावू गेल्यास मात्र ‘अक्षर’ कशास म्हणावयाचे, हाच प्रश्न प्रथम उभा राहतो.

सातारा आणि सांगली ही दोन नावे या विवेचनास सोयीची आहेत. १९४९ साली जुन्या सातारा जिल्ह्याचा काही भाग व विलीन संस्थानांचा काही मुलूख मिळून दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला. त्यास १९६० साली सांगली हे नाव मिळाले. रोमन लिपीत ही दोन्ही नावे सहा अक्षरांची असून पहिली दोन अक्षरे, एस् आणि ए, उभयतांस समान आहेत.

सांगलीची सहाही रोमन अक्षरे परस्परभिन्न आहेत. त्यामुळे त्यांची मांडणी ७२० प्रकारे करता येते. यांतील बहुतेक मांडण्या अर्थातच निरर्थक. परंतु त्यांपैकी एक म्हणजे ‘सिग्नल’ हा सर्वपरिचित शब्द होय. ‘अलाइन’ या क्रियापदाचे तृतीयपुरुषी एकवचनी वर्तमानकाळी रूपही याच सहा अक्षरांचे बनते. एक अक्षर वगळून पाच अक्षरांचे शब्द शोधल्यास यादी बरीच लांबते : गोगलगायीस ‘स्नेल’, खिळ्यांस ‘नेल्स’, गोफणीस ‘स्लिंग’, बाजारी बोलीस ‘स्लँग’. या शब्दांचा परस्परांशी अर्थदृष्ट्या काही संबंध नाही, आणि सांगलीशी तर मुळीच नाही.

साताऱ्याच्या नावात ए हे अक्षर तीन वेळा येते. म्हणून मांडण्यांची संख्या १२० वर उतरते. पुनरुक्ती वगळता उरलेल्या चार अक्षरांतून मात्र ‘स्टार’, ‘आर्ट्स’, ‘रॅट्स’ आणि टी-एस् ने आरंभ होणारा ‘झार’ असे शब्द सहज मिळतात. गंमतीची गोष्ट अशी की, काही मोठ्या इंग्रजी कोशांत ‘सातारा’ हाच सहा अक्षरी शब्द एका धारीदार लोकरी कापडाचे नाव म्हणून नोंदलेला आहे व त्याचे मूळ या गावाच्या नावात दाखविलेले आहे.

आता हीच सामग्री नागरीत पाहावी. ‘सांगली’ व ‘सिग्नल’ हे दोन्ही शब्द नागरीत तीन अक्षरांचे आहेत. संगणकाच्या युनिकोड पद्धतीने मात्रा, अनुस्वार व हलन्त ही चिन्हे स्वतंत्र मोजली तर दोन्ही पुन्हा सहा-सहा चिन्हांचेच ठरतात. लांबी अशी दोन्हीकडे जुळते. परंतु रोमन लिपीत सहाच्या सहा अक्षरे समान होती, तर येथे स, ग आणि ल ही तीनच चिन्हे समान उरतात. स्वरांची चिन्हे भिन्न झाली. शिवाय रोमन ‘एन्’ ने जे झाकले होते तेही उघड झाले. सिग्नलमधील अनुनासिक ‘न’ आहे, सांगलीमधील अनुस्वाराचा उच्चार पुढील ‘ग’ मुळे ‘ङ’ होतो. उच्चारावयवांचा विचार केल्यास आणखी तिसरेच माप हाती येते : सांगली हे नाव लिहावयाचे तीन अक्षरांत, परंतु बोलावयाचे ‘सांग्-ली’ असे दोन अवयवांत. रोमन लेखनात ‘जी’ नंतर ‘ए’ नाही, हे या उच्चारास धरूनच आहे. तेथे ‘ए’ घातला असता तर शब्द सात अक्षरांचा होऊन सिग्नलशी असलेले साम्य तत्क्षणी संपले असते.

हा प्रश्न केवळ कोड्यांचा असता तर त्याची एवढी चिकित्सा करण्याचे कारण नव्हते. स्थलनामांच्या व्युत्पत्तीत तो खरोखर आडवा येतो. किल्ल्याच्या सतरा तट, बुरूज व दरवाजांवरून साताऱ्यास हे नाव पडले, असे स्पष्टीकरण ‘इंपिरिअल गॅझेटिअर’मध्ये दिलेले आहे. स्वरचिन्हे वगळून अक्षरास अक्षर लावीत रोमन लिपीत लिहिल्यास ‘सतरा’ आणि ‘सातारा’ हे शब्द तंतोतंत एक होतात. वाचकास व्युत्पत्ती निर्विवाद वाटावी, इतके. नागरीत मात्र पहिल्या दोन्ही अक्षरांच्या स्वरांत भेद आहे. शिवाय संख्यावाचक शब्दाचा उच्चार ‘सत्-रा’ असा द्व्यवयवी असून गावाच्या नावात तिन्ही स्वर दीर्घ आहेत. ही व्युत्पत्ती स्वीकारणाऱ्याने दोन ठिकाणच्या दीर्घत्वाची उपपत्ती दिली पाहिजे. १८८५ च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरात दीर्घ स्वरांवर खुणा होत्या. पुढील सामान्य व्यवहारात त्या गळून पडल्या, आणि त्यांबरोबर हा प्रश्न विचारण्याचे निमित्तही गेले.

उलट दिशेनेही घोटाळा संभवतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्रजी कागदपत्रांत साताऱ्याचे नाव पुष्कळदा दोन ‘टी’ घालून लिहिलेले आढळते. नाव तेच, गाव तेच. परंतु सहा अक्षरांची अट घालून शोध घेणाऱ्यास ते सापडणार नाही. सूची करावयाची ती म्हणून नागरी रूपावरून करावी, आणि रोमन पर्याय, अक्षरसंख्या काहीही असो, त्याखाली नोंदावेत.