860 किलोचा ठोकळा ओढ्यात 500 किलोचा कसा होतो? साकव बांधण्याआधी हे वाचा

घर आणि शेताच्या मध्ये ओढा असला की पावसाळ्यात पलीकडे जायचं कसं, हा प्रश्न दरवर्षी पडतो. कोकणात त्यावरचा जुना उपाय म्हणजे साकव. पूर्वी ओढ्यावर झाडाची खोडं टाकायचे, आता लोखंडी गर्डर टाकतात आणि त्याखाली दोन्ही काठांवर काँक्रीटचे ठोकळे ठेवतात. 'एवढा जड ठोकळा कुठे वाहून जातोय?' असं सगळ्यांनाच वाटतं. पण तो जातो. का?

वजनाचं गणित

एक घनमीटर काँक्रीटचं वजन साधारण 2400 किलो असतं. म्हणजे 1 मीटर लांब, 60 सेंमी रुंद आणि 60 सेंमी उंच ठोकळा सुमारे 860 किलोचा. पण तो पूर्ण बुडाला की 360 किलो पाणी बाजूला सारतो आणि तेवढाच हलका होतो. उरले 500 किलो! त्यात पाण्याचा वेग दुप्पट झाला की धक्का चौपट होतो.

खरा धोका खालून

पाणी ठोकळ्याला ढकलतंच, पण त्याच्या बुडाखालची वाळू-मातीही उकरून नेतं. बूड पोकळ झालं की ठोकळा कलतो आणि गर्डर निसटतो. म्हणून वाळूवर ठोकळा ठेवू नका. कातळ किंवा घट्ट मुरूम लागेपर्यंत खणा. कातळ लागला तर त्यात भोकं पाडून सळया पक्क्या बसवा आणि ठोकळा त्यांच्याभोवती ओता. पाण्याच्या बाजूला मोठे दगड रचा.

ओतायचा कसा?

उन्हाळ्यात ओढा कोरडा असताना जागेवरच ओतणं सगळ्यात सोपं. 1 भाग सिमेंट, 2 भाग वाळू, 4 भाग खडी हे नेहमीचं प्रमाण. वरच्या मापाच्या ठोकळ्याला सुमारे सव्वादोन गोण्या सिमेंट लागतं. एका गोणीला 25 लिटरच्या आसपास पाणी पुरे. माल पसरायला सोपा जावा म्हणून जास्त पाणी ओतलं की ताकद घटते. थर टाकत सळईने नीट ठासा, नाहीतर आत पोकळ्या राहतात. खड्ड्यात पाणी साचलं असेल तर आधी उपसा, कारण त्यात सिमेंट धुऊन जातं.

नंतर गोणपाट टाकून किमान 10 दिवस ओलं ठेवा. पूर्ण ताकदीसाठी साधारण 28 दिवस धरले जातात, म्हणून काम मेच्या शेवटी नको, एप्रिलमध्येच उरका.

दुसरीकडे ओतून आणायचा असेल तर उचलण्यासाठी साध्या गुळगुळीत सळईचे हूक ओततानाच आत खोल बसवा. 860 किलो माणसांनी उचलायचं वजन नाही. चेन पुली किंवा जेसीबी लागेल, आणि लटकत्या ठोकळ्याखाली कुणीही उभं राहू नये.

ओढा सार्वजनिक असेल तर आधी ग्रामपंचायतीत विचारा. पहिल्या मोठ्या पावसानंतर, पाणी ओसरलं की ठोकळ्याच्या बुडाशी काठी घालून बघा. काठी आत गेली, तर मुलांना त्या साकवावरून पाठवू नका.