बोर्डिंगातली भाकरी

बारावीचा निकाल लागला की खेड्यात घरोघर एकच हिशेब सुरू होतो. फी कशीतरी भरू, पण पोराला शहरात ठेवायचे कुठे आणि त्याच्या पोटाचे काय?

हा प्रश्न जुनाच आहे. शाळा काढली म्हणजे खेड्यातले पोर शिकले असे होत नाही, त्याला राहायला छप्पर लागते, हे राजर्षी शाहू महाराजांनी फार आधी ओळखले होते. म्हणूनच 1901 साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांचे बोर्डिंग निघाले आणि मागोमाग जैन, लिंगायत, मुसलमान, अस्पृश्य मानलेल्या समाजांची मुले अशा सर्वांसाठी वसतिगृहे उभी राहिली. मात्र प्रत्येक जातीची चूल वेगळी होती.

ती चूल एक केली कर्मवीर भाऊराव पाटलांनी. 1919 साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 साली साताऱ्यात बोर्डिंग काढले. 1927 साली महात्मा गांधींच्या हस्ते त्याला शाहू महाराजांचे नाव मिळाले. सगळ्या जातींची पोरे तिथे एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. त्या काळी ही लहानसहान गोष्ट नव्हती!

पण एवढ्या तोंडांना धान्य आणायचे कुठून? मुष्टिफंडातून. दळायला बसताना बायांनी मूठभर धान्य बाजूला काढायचे आणि ते बोर्डिंगला द्यायचे. मोठ्या देणगीदारांची नावे भिंतीवर लागतात, पण या मुठीचा हिशेब कोण ठेवतो? भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी तर अंगावरचे दागिने आणि अखेर मंगळसूत्रही या मुलांच्या पोटासाठी दिले. 1930 साली त्या गेल्या.

मुलांनीही फुकट खाल्ले नाही. शेतात राबायचे, पाणी भरायचे, पडेल ते काम करायचे आणि शिकायचे. 'कमवा आणि शिका' ही योजना उभी राहिली ती यातूनच. 1947 साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले, तेव्हा हीच रीत कॉलेजातही आली.

पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठात कर्मवीरांच्या नावाने ही योजना आजही चालते, आणि ती मुलींनाही खुली आहे. ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशी कामे असतात, तासावर पैसे मिळतात. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही कमवा व शिकाची मुले आहेत. मात्र एवढ्यावर मेसचे सगळे बिल भागेल या भरवशावर राहू नका. आमच्या मते वह्या-पुस्तके आणि एस.टी.चे भाडे निघाले तरी पुष्कळ. आणि नुसते टेबलाशी बसवून ठेवण्यापेक्षा जिथे हाताला काम देतात ते कॉलेज बरे, कारण बागेत खुरपे धरायला लाजणारे पोर सुट्टीत घरी आल्यावर बापाच्या शेतातही लाजते.

अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांना व्यावसायिक शिक्षणासाठी डॉ. पंजाबराव देशमुख यांच्या नावाचा वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. त्याचा अर्ज महाडीबीटीवर भरावा लागतो. त्यासाठी लागणारे दाखले तहसिलातून आधीच काढून ठेवा, प्रवेशाच्या दिवसांत तिथे रांग फार असते.

कॉलेजात गेल्यावर फीबरोबर आणखी दोन गोष्टी विचारा: कमवा व शिकाची नावे कधी घेतात, आणि परीक्षेच्या दिवसांत कामाचे तास कमी करतात का. पोर विचारायला संकोचते, म्हणून हे बापाने नाहीतर आईने विचारावे.