मेलेला ससा उचलू नका

गडचिरोलीतल्या धानोऱ्याच्या रानवाटेवर एखादा ससा अंगावर जखम नसताना मरून पडलेला दिसला, तर त्याला हात लावू नये. शिकार तर १९७२च्या वन्यजीव कायद्याने गुन्हाच आहे. पण इथे प्रश्न जिवाणूंचाही आहे.

सशांतून माणसाला होणारा नावाजलेला रोग म्हणजे टुलारेमिया. तो मुख्यतः अमेरिका, युरोप, रशिया, जपान या मुलखांतला. जपानात हाचिरो ओहारा या डॉक्टरांनी १९२५मध्ये मेलेल्या सशाचं रक्त चक्क बायकोच्या हातावर चोळून संसर्ग सिद्ध केला. बाई स्वतःहून तयार झाल्या होत्या म्हणे. आज कुठलीही नैतिकता समिती हे मान्य करणार नाही.

जिवाणू कातडं सोलताना बारीक ओरखड्यातून शिरतो, गोचिडीच्या चाव्यातूनही. तीन-पाच दिवसांत ताप, शिरकावाच्या जागी व्रण आणि काखेत दुखरी गाठ. पेनिसिलिन चालत नाही; स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन चालतं.

हा रोग मुख्यतः बाहेरचा; गडचिरोलीत ताप म्हटलं की आधी मलेरियाची तपासणी होते, आणि ते रास्तच आहे. तरी गोचीड चावली असेल किंवा मेलेलं जनावर हाताळलं असेल, तर डॉक्टरांनी विचारायची वाट न पाहता त्यांना सांगावं. मेलेला ससा दिसल्यास वनरक्षकाला कळवावं, आणि कुत्र्याला आवरावं.